सहा नंबरच्या टाकीतले उरलेले काम

मित्रांनो, मी एका दुपारी जुना झालो. त्या दिवशी सकाळी मी नवाच होतो. तुमचे दप्तर फाटते, चप्पल झिजते, तसे माझे काही झाले नाही. माझी एक रेघसुद्धा फिकट झालेली नव्हती. पण माझ्यासारखाच दुसरा एक आला, माझ्यात नोंदलेले सगळे काम त्याच्याकडे नेले गेले आणि मला कुलूप लागले. तेव्हापासून मी या कुलपाआड आहे.

मी बोट बांधण्याच्या कामाचा आराखडा आहे. मी कागदावर नसतो, संगणकात असतो. माझ्या डाव्या अंगाला कामांची नावे आहेत, एकाखाली एक. उजव्या अंगाला प्रत्येक कामाची आडवी पट्टी. जेवढे काम झाले तेवढी पट्टी गडद, उरले तेवढी फिकट. या सगळ्या पट्ट्यांना कापत वरून खाली एक लाल रेघ जाते. ती रेघ म्हणजे ‘आज’. दिवसाचे काम लिहिले की ती थोडी उजवीकडे सरकते. तिच्या डावीकडे घडलेले असते आणि उजवीकडे अंदाज असतो. अंदाज हवा तितक्या वेळा नव्याने करता येतो. घडलेले मात्र नव्याने करता येत नाही. ते जसे आहे तसे उचलून न्यावे लागते.

माझा जन्म मलेशियातल्या सिबू शहरातला. रजांग नदीच्या काठावर तौके सिआ यांचे बोटींचे यार्ड आहे. तौके म्हणजे मालक. तिथे नदीवरून डिझेल वाहून नेणारी एक लांबलचक, सपाट बोट बांधायची होती. तिच्या पोटात सहा टाक्या होत्या, एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या. फरक एवढाच की शेजारच्या दोन टाक्यांमध्ये पोलादाची एकच भिंत होती. ती दोघींची मिळून. त्यामुळे टाक्या बोटीच्या नाकाकडून शेपटीकडे, ओळीनेच बांधाव्या लागत.

मला तयार केले लाउ स्यू फोंग या मुलीने. इंजिनिअरिंगचे शिक्षण संपवून ती नुकतीच यार्डात लागली होती. सगळे तिला आ फोंग म्हणत. माझ्या अगदी पहिल्या दिवशी तौके तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“टाक्या किती?”

“सहा.”

“मग नंबर सांग.”

“एक, दोन, तीन, पाच, सहा, सात.”

“शाबास! एवढं शिकूनही तुला मोजता येतं म्हणायचं.”

कारण तौके सिआंच्या यार्डात चार नावाचे काहीच नव्हते. धक्के तीननंतर एकदम पाच. कपाटे तीननंतर पाच. चिनी बोलीत ‘चार’ आणि ‘मरण’ ऐकायला जवळजवळ सारखेच, म्हणून चार हा मरणाचा आकडा, तो कशालाही द्यायचा नाही, हे त्यांच्या आजोबांपासून चालत आले होते. आमच्या नदीकाठच्या कितीतरी चिनी घरांत आणि दुकानांत हेच. त्यामुळे मला त्यात वावगे काही वाटले नाही. माझ्या जगात तीनच्या पुढे पाच येत असे आणि सगळे सुरळीत चालत असे.

ते दिवस माझे फार चांगले गेले. संध्याकाळी काम सुटले की वेल्डर बायका-माणसे कचेरीत येत आणि आ फोंग त्यांनी सांगितलेले माझ्यात लिही. त्यात सगळ्यांच्या पुढे असे सुलाउची आई. ती इबान जमातीची, नदीच्या वरच्या अंगाला तिचे गाव. त्यांच्यात आईला लेकराच्या नावानेच हाक मारतात. तिचे स्वतःचे नाव मला शेवटपर्यंत कळले नाही. टाकीच्या आतली सांधणी ती करी. डोक्याचा रुमाल सोडत ती म्हणे, “लिही गं, पाचची मागची शिवण झाली.”

“किती टक्के धरू?”

“टक्के मला विचारू नकोस. पंजा दाखवते, बोटं मोज.”

ती चार बोटे उघडी आणि अंगठा अर्धा दुमडून धरी.

“हा अंगठा किती धरायचा?”

“तो अंगठा दमलाय. उद्या सरळ होईल.”

आ फोंग हसे आणि आकडा लिही. माझी पट्टी गडद होई, लाल रेघ पुढे सरके. कोणी पाहुणे आले की तौके मला भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दाखवत आणि जणू मीच बोट असल्यासारखे माझ्याकडे बोट करून बोलत. मला कौतुकाची सवय झाली होती, हे खरे आहे.

मग एक दिवस बोटीचे गिऱ्हाईक मागे फिरले. लाबुआन बेटावरच्या दुसऱ्या कंपनीने अर्धी झालेली बोट घेतली. त्या कंपनीची कामे बघणाऱ्या नोराइनीबाईंनी स्वतःचा आराखडा पाठवला. यापुढे काम त्याच्यावर चालेल, असे त्यांचे म्हणणे होते. तो आला. नवा कोरा. त्याच्या सगळ्या पट्ट्या फिकट होत्या, कारण त्याला अजून काहीच घडलेले नव्हते. त्याच्यात टाक्या होत्या एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. नोराइनीबाईंना यार्डाची रीत कोण सांगणार? त्यांनी आपल्या सरळ मोजल्या.

नंबर कागदपत्रांशी जुळावेत म्हणून रंगाऱ्याने टाक्यांच्या झाकणांवरचे जुने आकडे खरवडून नवे लिहिले. चौथ्या झाकणावर त्याने चार लिहिला तेव्हा तौके तोंड फिरवून उभे होते. रंग वाळताच त्यांनी त्यावर एक गोणपाट टाकायला लावले.

आता माझ्यातले घडलेले सगळे त्या नव्याकडे न्यायचे होते. कोणते काम कधी सुरू झाले, किती झाले, किती उरले. हे हाताने करायचे तर आठवडा जाईल, आणि गवाईचा, सुगीचा सण तोंडावर आलेला. गवाईला सगळे इबान लोक आपापल्या गावी, लांबघरात जातात; अख्खे गाव एकाच लांब छपराखाली राहते ते लांबघर. यार्ड ओस पडते. त्याआधी एका टाकीत पाणी भरून गळती तपासायचीच, असे ठरले होते. म्हणून आ फोंगने आम्हा दोघांना शेजारी शेजारी उघडले आणि संगणकाला सांगितले, याचे त्याला दे.

संगणकाने विचारले, कशावरून जुळवू, नावावरून की नंबरावरून?

तिने आधी नावावरून करून पाहिले. काहीच जुळेना. माझ्यातली नावे यार्डाच्या बोलीतली होती, ‘पाचची मागची शिवण’ अशी. त्याच्यातली नावे लाबुआनच्या कचेरीतली, लांबलचक आणि इस्त्री केलेली. मग तिने नंबरावरून जुळवले. क्षणात झाले. माझे दिवस त्याच्या अंगावर उमटले. पट्ट्यांमागून पट्ट्या गडद होत गेल्या. मित्रांनो, आपले आयुष्य दुसऱ्याच्या अंगावर उमटताना बघणे कसे असते, ते मला सांगता येणार नाही. दुखत नाही. फक्त आपण अचानक हलके होतो.

पण मला लगेच कळले की सगळे गेलेले नाही. माझी सात नंबरची टाकी माझ्यापाशीच राहिली होती. नव्या आराखड्यात सात नव्हतीच, मग ती जाणार कुठे? आणि त्याच्या चार नंबरच्या ओळी कोऱ्या राहिल्या, कारण माझ्यात चार नव्हती. बाकीच्या दिसायला जुळल्या होत्या, पण चुकीच्या. माझी पाच नंबरची टाकी पूर्ण झालेली होती, आतून झाडून पुसून झाकण लावायला तयार. ती रांगेत चौथी. तिचे काम जाऊन बसले नव्या पाचवर, आणि नवी पाच म्हणजे माझी सहा! तिथे सुलाउच्या आईचे थोडे काम अजून उरले होते.

आ फोंगला कोऱ्या ओळी दिसल्या. तिने तौकेंना हाक मारली.

“तौके, चार नंबरवर काहीच उतरलं नाही.”

तौके कॉफी पीत होते. ते मोठ्याने हसले. “बघ! यंत्रसुद्धा घाबरलं. मी उगाच सांगतो का?”

“पण बघायला हवं ना, असं का झालं ते.”

“सणाच्या तोंडावर त्या आकड्याला हात लावू नकोस, पोरी. गवाईनंतर बघू. बाकीचं उतरलं ना? मग झालं तर.”

तीही हसली. बाकीचे तर छान गडद दिसत होते. तिने मला बंद केले आणि कुलूप घातले. आमच्या कुलपाची तऱ्हा अशी की कोणी उघडून मला बघू शकतो, पण माझ्यात काही लिहू शकत नाही. अंधार झाला. माझी लाल रेघ जिथे होती तिथेच थांबली. चूक मला लख्ख दिसत होती, पण तोंड नसलेल्याने ओरडायचे कसे?

दुसऱ्या दिवशी जे घडले त्यातले फारसे मी पाहिले नाही. नंतर कितीतरी दिवस कचेरीत दुसरा विषयच नव्हता, म्हणून मला ते बारकाव्यांसकट माहीत आहे.

टाक्यांची झाकणे आणि पंप पाक द्राहमान बघत. वयस्कर, मवाळ माणूस, म्हणून सगळे त्यांना आदराने पाक म्हणत. सकाळी त्यांच्या हातात नव्या आराखड्यातले काम पडले. पाच नंबर तयार, झाकण लावा, पाणी भरा. ते बोटीवर चढले. पांढऱ्या रंगात पाच लिहिलेले झाकण त्यांना सापडले. टाकीच्या तोंडावर एक माणूस बसवायचा, हा यार्डाचा नियम होता. पण तिथे बसणारा आदल्याच दिवशीच्या बोटीने गावाला गेला होता आणि त्याच्या जागी कोणी बसलेच नव्हते. वेल्डिंगच्या तारा गुंडाळून नेलेल्या. तरी पाक द्राहमान वाकले आणि आत ओरडले, “कोणी आहे का?”

उत्तर आले नाही. ते तरीही घुटमळले. धक्क्यावर उभ्या असलेल्या एकाला त्यांनी विचारले, “सुलाउची आई कुठाय रे?”

“सहामध्ये! सकाळीच उतरलीय.”

लोकांच्या तोंडात जुनेच नंबर होते. पाक द्राहमान यांनी मागे पाहिले. सहा लिहिलेल्या टाकीचे झाकण उघडे होते. मग ते निश्चिंत झाले. त्यांनी पाच नंबरचे झाकण बसवले, बोल्ट आवळले आणि नदीतून पंप लावला.

त्याच वेळी कचेरीत फोन वाजला. लाबुआनहून नोराइनीबाई बोलत होत्या. एव्हाना त्यांच्यासमोर नवा आराखडा उघडा होता.

“मिस लाउ, तुमची चौथी टाकी अजून सुरूच झालेली नाही असं दिसतंय मला.”

“हो, म्हणजे ते...”

“आणि पाचवीत तुम्ही आज पाणी भरताय.”

“हो, आत्ताच सुरू केलं.”

“मला एक सांगा, त्या दोघींमधली भिंत एकच आहे ना? चौथी नाहीच, तर पाचवीची पुढची भिंत कशावर उभी केलीत? नदीवर?”

आ फोंग हसली. “अहो, तसं नाही. आमच्याकडे चार नंबर म्हणजे...” आणि ती थांबली.

“म्हणजे काय?”

“आमच्याकडे चार नंबर नाहीच,” ती अगदी हळू म्हणाली.

फोन टेबलावर तसाच राहिला. माझ्यावर उजेड पडला. तिने मला उघडले होते. तिचे बोट पडद्यावरून खाली फिरू लागले. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात. मग शेजारी. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. माझ्या उरलेल्या सात नंबरवर तिचे बोट आले आणि तिथेच राहिले.

“तौके! सुलाउची आई कुठाय?”

“सहामध्ये. थोडं राहिलंय, ते उरकून दुपारच्या बोटीला जायचंय तिला. का?”

“कुठलं सहा?”

“कुठलं म्हणजे? सहा काय दोन असतात का?” एवढे बोलून तौकेंनी खिडकीबाहेर पाहिले. नदीतून निघालेला जाड पाइप फुगून टणक झाला होता आणि पाच आकड्याच्या झाकणाशी जाऊन संपत होता.

दोघेही धावले. तौकेंची एक चप्पल दारातच राहिली.

मी पडद्यावर उघडा, खोली रिकामी. फोनमधून नोराइनीबाईंचा आवाज येत होता, “हॅलो? कोणी आहे का तिकडे?” बाहेर पंप धडधडत होता. मला फक्त तेवढेच कळत होते. माझ्यात सगळे लिहिलेले होते, सहा नंबर, आतली सांधणी, थोडे काम बाकी. ते वाचायला आता कोणी नव्हते आणि पळायला मला पाय नव्हते. कुठलीही बंद वस्तू जेवढी बंद असते, तेवढा मी त्या वेळी, उघडा असूनही, बंद होतो.

पंप थांबला.

थांबला म्हणजे चांगले झाले की वाईट, हे आवाजावरून कसे कळणार? मग बोल्ट सोडवण्याचा खणखणाट आला. मग काही नाही. आणि मग एका बाईचा चिडून चढवलेला आवाज आला. तो मी ओळखला आणि माझ्या पट्ट्यांना हायसे वाटले.

थोड्या वेळाने सगळे कचेरीत आले. सुलाउची आई कमरेपर्यंत भिजलेली, हातात हातोडा तसाच धरलेला. ती खुर्चीवर बसली आणि पाक द्राहमान यांना म्हणाली, “गवाईला बरण्यांत मासे मुरवून ठेवतात, तसं मला मुरवून वाटणार होता का गावभर?”

पाक द्राहमान भिंतीला टेकून खाली बसले होते. “मी हाक मारली होती गं. अल्लाची शपथ.”

“काय हाक मारलीत?”

“कोणी आहे का, म्हटलं.”

“ऐकली मी. अगदी पलीकडच्या कप्प्यात होते, सांध्यांवर हातोडा मारून बघत होते. वाटलं, दुसऱ्या कोणाला तरी विचारताय. मी ‘कोणी’ आहे का? माझं नाव घ्यायचं, पाक.” मग तिचा आवाज उतरला. “झाकण बसलं तरी वाटलं थट्टा आहे. मग पायाला पाणी लागलं. मी ठोकत राहिले. पण बोटींच्या यार्डात हातोड्याचा आवाज म्हणजे जंगलात किड्यांचा आवाज. वळून कोण बघणार?”

तौके उठून बाहेर गेले. एकाच चपलेने ते बोटीवर चढले, चौथ्या झाकणावरचे गोणपाट त्यांनी स्वतःच्या हाताने उचलले आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांनी गरम कोंपिया पावांची पिशवी फोडली आणि पहिला पाव सुलाउच्या आईच्या हातात दिला.

तिची दुपारची बोट चुकली. आ फोंगने नव्या आराखड्यात उतरलेले सगळे पुसून टाकले आणि ती लॅपटॉप घेऊन बोटीवर गेली. सुलाउची आई पुढे, ती मागे. प्रत्येक टाकीशी सुलाउची आई थांबे, पोलादावर हातोडा मारी आणि सांगे, “ही तुझी जुनी पाच, नवी चार. ही पूर्ण. ही जुनी सहा, नवी पाच. हिच्यात मी मेले असते, असं लिही.”

“असं लिहायला इथे जागा नाही, सुलाउच्या आई.”

“मग जागा कर.”

शेवटी माझी सातही गेली. तिला नव्या सहात जागा मिळाली. तेव्हा कुठे माझ्या अंगावरचे ओझे उतरले. काम संपवून, कोरडे कपडे घालून, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बोटीने सुलाउची आई गावी लेकीकडे गेली. धक्क्यावरून ती ओरडली म्हणे, “आ फोंग, त्या तुझ्या जुन्याला टाकू नकोस हं! त्याला माहीत होतं मी कुठे आहे ते.”

आ फोंगने मला टाकले नाही. पण कुलूप पुन्हा लावले, कारण जुन्याला कुलूप लावायचेच असते. ती बोट आता रजांग नदीवर डिझेल घेऊन वरच्या गावांना जाते. तौकेंच्या यार्डात अजूनही चार नंबर नाही. मात्र झालेले काम एका आराखड्यातून दुसऱ्यात न्यायचे असेल, तर आ फोंग आधी मला उघडून नव्या लोकांना दाखवते आणि मग हातोडा घेऊन त्यांना बोटीवर पाठवते. पाक द्राहमान झाकण लावण्याआधी यार्डातल्या प्रत्येकाचे नाव घेतात. तोवर बाकीच्यांचा चहा होतो, असे लोक हसून म्हणतात.

आणि मी? मी तसाच आहे. माझी लाल रेघ गवाईच्या अलीकडेच थांबली आहे आणि आता कधीच सरकणार नाही. नव्यात ते काम पूर्ण झाले, बाई बाहेर आली, सण झाला. माझ्यात ते कोणी लिहिले नाही. माझ्यात सहा नंबरच्या टाकीचे थोडे काम अजून बाकी आहे. माझ्यात सुलाउची आई अजून आतच आहे, हातोडा मारते आहे.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. पेटी असो, खोली असो, की माझ्यासारखा जुना आराखडा असो, झाकण लावण्याआधी वाकून आत हाक मारा. नंबराने मारू नका, नावाने मारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.